पेशी जागेवर आहेत, मग आईला आठवत का नाही?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. आई 69 वर्षांच्या, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त, घरी द्राक्षबाग. दीड वर्षापासून विसरणं वाढलंय. सकाळी पोहे खाल्ले हे दहा वाजता आठवत नाही, एकच गोष्ट चारदा विचारतात, पण जात्यावरच्या ओव्या शब्द न चुकता म्हणतात. सांगलीत एमआरआय केला, त्यात ‘वयानुसार सौम्य झीज’ एवढंच आलं. डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात असल्याचं सांगून डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम सुरू केलं, त्याला दोन महिने झाले. आता ताई विचारतात, पेशी फारशा मेल्या नाहीत तर आठवण जाते कुठं? पेशींमधले जोड तुटतात म्हणे, ते या गोळीनं परत जुळतात का? आणि आई एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखी बोलते, त्यावरून वहिनी म्हणतात की सासूबाई सोयीनं विसरतात.

ताई, हे तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण तिन्हींचं मूळ एकच आहे. या आजारात पेशी मरायच्या बऱ्याच आधी दोन पेशींमधला जोड निकामी होतो. हे समजलं की रिपोर्ट साधा का आला, ओव्या का टिकल्या, एक दिवस बरा आणि दुसरा वाईट का जातो, गोळी काय करते आणि काय करत नाही, हे सगळं एका ओळीत लागतं. म्हणून आधी जोडाबद्दल सविस्तर सांगतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आईंना मी तपासलेलं नाही. पुढचं सगळं त्यांच्या डॉक्टरांनी केलेलं निदान बरोबर आहे असं धरून लिहितोय. विसरण्याला इतरही कारणं असतात आणि त्यातली काही पूर्ण बरी होतात. बी-12 आणि थायरॉइड तपासलं नसेल तर ते पहिलं करा. सोबत सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 हमखास बघायचं, कारण त्या गोळीनं ते उतरतं. मनाची उदासीही हुबेहूब विसरभोळेपणासारखी दिसते. निवृत्तीनंतर किंवा घरात कुणी गेल्यावर हे सुरू झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता जोड म्हणजे काय. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि एकेका पेशीला हजारो जोड असतात. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. जोड म्हटलं की दोन वायरी पिळून एकत्र केल्याचं चित्र डोळ्यांपुढं येतं, पण इथं दोन पेशी एकमेकींना टेकतच नाहीत. मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट राहते. एका मिलिमीटरचे 50 हजार भाग केले तर त्यातला एक भाग, इतकी ती बारीक. ज्या पेशीला निरोप घ्यायचा असतो तिच्या फांदीवर बारीक फुगवटे असतात. तुमच्या घरी बाग आहे म्हणून सांगतो, काडीवर जसा डोळा असतो तसा हा फुगवटा. समोरून दुसऱ्या पेशीचा तंतू येतो. त्याच्या टोकाशी रसायनाच्या सूक्ष्म पुड्या भरून ठेवलेल्या असतात. विजेचा झटका टोकापर्यंत आला की पुड्या फुटतात, ग्लुटामेट नावाचं रसायन फटीत सुटतं आणि समोरच्या डोळ्यावरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटतं. निरोप पोचला.

आठवण तयार होते ती या डोळ्यात. तिथं दोन प्रकारचे ग्राही महत्त्वाचे, एएमपीए आणि एनएमडीए. एनएमडीए उघडायला दोन अटी असतात. समोरून निरोप यायला हवा आणि त्याच वेळी ही पेशी स्वतःही जागी हवी. दोन्ही जुळलं की त्यातून कॅल्शियम आत शिरतं, मग डोळ्यावर जास्तीचे एएमपीए ग्राही बसवले जातात आणि डोळा आकारानंही मोठा होतो. पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू येतो. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी 1973 मध्ये सशाच्या मेंदूत हे जोड पक्कं होणं दाखवून दिलं. शिकणं आणि लक्षात राहणं याच्या मुळाशी हीच घडामोड आहे.

आता आईंचे पोहे घ्या. फोडणीचा वास एका भागात नोंदला जातो, चव दुसऱ्या, ताटलीचं रूप तिसऱ्या, कुणी वाढलं ते आणखी कुठं. हे सगळं मिळून ‘आज सकाळचे पोहे’ अशी एक मोट बांधायचं काम कानाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसचं. तिथवर माहिती जाते ती एका वेशीतून, तिचं नाव एंटोरायनल कॉर्टेक्स. या वेशीतले आणि हिप्पोकॅम्पसमधले जोड पक्के झाले तरच दहा वाजता पोहे आठवणार. आईंची जीभ चव घेते, डोळे ताटली बघतात, पेशी जिवंत आहेत. पण वेशीवरचे जोड पक्के होत नाहीत, मोट बांधलीच जात नाही. म्हणजे आठवण येऊन मग गेली असं नाही, ती बसलीच नाही. हा फरक घरातल्यांच्या रोजच्या वागण्यासाठी फार मोलाचा आहे, त्यावर पुढं येतो.

जोड बिघडतो कसा? पहिलं कारण बीटा-अमायलॉइड. पेशीच्या पडद्यात एक लांबट प्रथिन असतं. दोन विकरं (एन्झाइम) ते दोन ठिकाणी कापतात आणि 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. तो सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतो आणि निरोगी मेंदूत वाहून जातो. 42 चा तुकडा जास्त चिकट, तो एकमेकांना धरतो. आधी दोन-चार, दहा-वीस तुकड्यांचे बारीक गोळे होतात, नंतर त्यांचे मोठे थर बसतात. आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले हे थर आणि पेशींमधल्या गाठी दाखवल्या. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला सिनॅप्सची फट दिसणं शक्यच नव्हतं, ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर 1950 च्या दशकात दिसली. त्यामुळं बराच काळ सगळं लक्ष थरांवर राहिलं. जोडाला जास्त त्रास देतात ते विरघळलेल्या अवस्थेतले बारीक गोळे. ते डोळ्याशी जाऊन बसतात, जोड पक्का होण्याची क्रिया रोखतात, सैल होण्याची क्रिया वाढवतात. एएमपीए ग्राही काढून घेतले जातात, डोळा आकसतो. पेशी जिवंत, काडी जिवंत, डोळा मात्र सुकलेला. अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती लक्षणं दिसायच्या साधारण 15 ते 20 वर्षं आधी. म्हणून ‘मागच्या वर्षी नवीन घरात आलो म्हणून झालं का’ किंवा ‘पडल्या म्हणून झालं का’ असा दोष कुणी स्वतःकडं घेऊ नये.

दुसरं कारण टाऊ. पेशीच्या तंतूत बारीक नळ्यांचे रूळ असतात. पेशीच्या मध्यातून टोकापर्यंत पुड्यांचं सामान, ऊर्जा देणारे घटक, सगळं त्यांच्यावरून जातं. टाऊ हे प्रथिन त्या रुळांना धरून ठेवतं, मंडपाच्या तारेला अँगलनं धरावं तसं. आजारात टाऊवर फॉस्फेटचे जास्तीचे रेणू चढतात, ते रुळावरून सुटतं आणि आपसात गुंतून गाठी करतं. सामान टोकापर्यंत पोचत नाही, पुड्या भरल्या जात नाहीत. सुटलेलं टाऊ भलत्याच ठिकाणी, म्हणजे निरोप घेणाऱ्या डोळ्यांतही शिरतं आणि तिथंही काम बिघडवतं. शिवाय ते जोडांवाटेच एका पेशीतून पुढच्या पेशीत पसरतं. हाइको आणि एव्हा ब्राक या दाम्पत्यानं 1991 मध्ये त्याच्या प्रवासाचे टप्पे मांडले. सुरुवात होते ती वर सांगितलेल्या वेशीपाशी, मग हिप्पोकॅम्पस, मग बाजूच्या भाषेच्या, वाटा ओळखण्याच्या, निर्णय घेण्याच्या भागांकडं. म्हणून आधी आजचं विसरतं, मग शब्द सापडत नाहीत, मग वाट चुकते.

तिसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल, छाटणी. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड तयार होतात. ज्यांचा वापर नाही त्यांच्यावर सी-वन-क्यू आणि सी-थ्री या प्रथिनांची खूण केली जाते आणि मायक्रोग्लिया ते जोड खाऊन टाकतात. ही छाटणी हवीच, तिच्याशिवाय मेंदू घडत नाही. पण 2016 मध्ये उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की अमायलॉइडचे बारीक गोळे वाढले की हीच खुणेची यंत्रणा अवेळी जागी होते, आणि थर जमायच्या आधीच कामाचे जोड कापले जातात. घड धरलेल्या वेलीवर कुणी खरड छाटणीची कात्री चालवावी, तसं ते. हत्यार तेच, हात तोच, वेळ चुकलेली. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाची वाटते, कारण मेंदूतली स्वतःचीच व्यवस्था इथं नुकसान करते आहे आणि तिला थांबवण्याचे उपाय शोधायला त्यातून वाट मिळते.

थोडक्यात, जोडांवरचे डोळे सुकतात, सामान पोचत नाही आणि कामाचे जोड कापले जातात. पेशी मरतात त्या या सगळ्यानंतर. 1991 मध्ये रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मेंदू तपासून पाहिलं, तेव्हा विसरण्याच्या तीव्रतेशी सगळ्यात घट्ट नातं अमायलॉइडच्या थरांचं निघालं नाही, ते शिल्लक जोडांच्या संख्येचं निघालं.

आता तुमचा एमआरआय. मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, एका घन मिलिमीटरमध्ये कोट्यवधी जोड असतात आणि एमआरआयचा एक ठिपका साधारण तेवढ्या जागेचा असतो. त्यातले कितीतरी जोड गेले तरी चित्रात काही दिसत नाही. पेशी आणि तंतू जाऊन भाग आकसला की मगच दिसतं. येल विद्यापीठात 2018 मध्ये जोडांमधल्या एका प्रथिनाला चिकटणारं द्रव्य देऊन पेट स्कॅन केले गेले. तो अभ्यास लहान होता, पण सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसमधली जोडांची खूण सुमारे 40 टक्के कमी निघाली. असा स्कॅन नेहमीच्या उपचारात होत नाही, आणि त्यासाठी धावपळ करायचीही गरज नाही. पण साधा एमआरआय आणि आईंचं विसरणं यात विरोध नाही, एवढं त्यावरून कळेल. एमआरआयचा खरा उपयोग गाठ, जुना रक्तस्राव, पाणी साठणं, लकव्याच्या खुणा नाहीत ना हे बघायला. रिपोर्टमध्ये ‘वयानुसार’ लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्टना एक नेमकं विचारा: हिप्पोकॅम्पसच्या भागाची झीज 0 ते 4 या मोजपट्टीवर किती? 75 च्या आतल्या माणसाला 2 किंवा जास्त असेल तर ती वयाची म्हणून सोडून देता येत नाही. आणि वयाचंच म्हणाल तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरात सुमारे 7.4 जणांना स्मृतिभ्रंश आढळला. बाकीच्यांना नाही. म्हातारपण आणि हा आजार एक नव्हे.

ओव्या का टिकल्या, ते आता सोपं आहे. नवी आठवण हिप्पोकॅम्पसच्या आधारावर उभी असते. जुनी, हजारदा घोळलेली आठवण मेंदूच्या सालीत ठिकठिकाणी रुजते आणि तिला त्या वेशीची गरज फारशी उरत नाही. ओवीला तर चाल आहे, लय आहे, जात्याच्या खुंट्यावर फिरणाऱ्या हाताची सवय आहे. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी. हे फक्त कौतुकापुरतं ठेवू नका, वापरा. आंघोळीला नको म्हणत असतील तर ‘चला आंघोळ करू’ याऐवजी ओवीची पहिली ओळ तुम्ही म्हणा, दुसरी त्या म्हणतील, तेवढ्यात बादलीपर्यंत जाणं होतं. जेवताना मध्येच थांबत असतील तर तेच. हाताला सवयीची कामं द्या: शेंगा फोडणं, लसूण सोलणं, धान्य निवडणं, कपड्यांच्या घड्या.

वहिनींच्या शंकेचं उत्तर जरा सावकाश देतो, कारण बहुतेक घरांत हेच दुखणं असतं. अर्धमेला जोड म्हणजे तुटलेला जोड नव्हे. त्याला सगळं अनुकूल मिळालं तर तो निरोप नेतो, जरा प्रतिकूल झालं की नेत नाही. रात्रीची झोप नीट झाली, पोट साफ आहे, घर शांत आहे, साखर स्थिर आहे, समोरचा माणूस सावकाश बोलतोय, तर त्याच आई पूर्वीसारख्या बोलतात. पाहुण्यांपुढं अर्धा तास सावरून बोलणं हेही त्यातलंच. उरलेले जोड ताणून ते केलेलं असतं आणि पाहुणे गेल्यावर थकवा येतो, चिडचिड होते. यात सोय नाही, ढोंग नाही. सोयीनं विसरायला आधी लक्षात राहावं लागतं, आणि इथं तेच होत नाहीये.

म्हणूनच ‘आठव ना, सकाळी काय खाल्लंस?’ अशी परीक्षा घेऊ नका. साध्या विसरण्यात खूण दिली की आठवतं. ‘प’ वरून सुरू होतं म्हटलं की पोहे आठवतात. अल्झायमरमध्ये खूण देऊनही बहुतेकदा उपयोग होत नाही, कारण बसलेलंच नाही ते वर येणार कुठून. परीक्षा घेतली की आईंना फक्त अपमान मिळतो. आणि अपमान टिकतो. आयोवा विद्यापीठातल्या 2014 च्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. त्या चित्रफिती ते विसरले, पण त्यांतून आलेली भावना त्यांच्या मनात नंतरही राहिली. सकाळचं भांडण आईंना दुपारी आठवणार नाही, मन दुखल्याचं मात्र राहील, आणि का दुखतंय हे त्यांना सांगता येणार नाही. वहिनींना हे वाचायला द्या. दिवसभर घरात त्याच असतात, तोच प्रश्न वीसदा त्याच ऐकतात, त्यांचा वैताग खरा आहे. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी तरी सुट्टी मिळेल अशी घरातल्यांनी पाळी लावा.

चढउताराची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एक-दोन दिवसांत अचानक फार बिघडलं, दिवसरात्र कळेना, गुंगी किंवा बडबड सुरू झाली, तर तो अल्झायमर वाढलेला नसतो, वर दुसरं काहीतरी आलेलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं, ताप, पाणी कमी पडणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, हे बहुतेकदा सुधारतं. आणि तासातासाला फरक पडतो, घरात नसलेली मुलं किंवा जनावरं दिसतात, चालण्यात कडकपणा आलाय, झोपेत हातपाय झाडतात असं असेल तर आजार वेगळ्या प्रकारचा असू शकतो. हे दिसत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्या प्रकारात शांत करायला म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉल धोक्याचं ठरतं.

आता गोळी. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका असतो, तिथून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सगळ्या सालीला पुरवलं जातं. लक्ष लागणं आणि नवीन गोष्ट पकडणं त्यावर अवलंबून. या आजारात तो पुंजका लवकर झिजतो. फटीत सुटलेलं अॅसिटिलकोलीन एक विकर लगेच तोडून टाकतं. डोनेपेझिल त्या विकराला अडवतं, त्यामुळं आहे तेवढं रसायन जास्त वेळ टिकतं. उसाच्या पाचटाचं आच्छादन घातल्यावर पाणी वाढत नाही, ओल टिकते, तसं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, ही गोळी तुटलेले जोड जुळवत नाही आणि जोड तुटणं थांबवतही नाही. उरलेल्या जोडांना काम करायला बळ देते. बऱ्याच जणांना त्यानं काही महिने ते वर्षभर स्थिरता मिळते, काहींना काहीच जाणवत नाही. कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही.

साधारण पद्धत अशी की 5 मिलिग्रॅम रात्री, 4 ते 6 आठवडे सोसलं तर 10. तुमचे दोन महिने झालेत, म्हणजे डोस वाढवायचा का हे विचारायची वेळ आली आहे. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं हे पहिल्या काही आठवड्यांत होतं, जेवणानंतर घेतल्यानं कमी होतं. विचित्र स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्या. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा, दोन किलोपेक्षा जास्त उतरलं तर कळवा. नाडी मंद होणं हा खरा धोका. आधी ईसीजी झाला आहे ना बघा, आणि ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल चालू असेल तर जास्त जपा. चक्कर येऊन पडल्या किंवा नाडी 50 च्या खाली गेली तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दाखवा. फायदा दिसत नाही म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका, काही जण त्यानंतर झपाट्यानं खाली येतात. आजार मधल्या टप्प्यात गेला की मेमँटीन जोडतात. ते एनएमडीए ग्राहींमधून सतत झिरपणारं कॅल्शियम कमी करतं. 5 मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत 20 पर्यंत नेतात.

गोळीचा परिणाम घरातल्या घरातच मारला जातो, हे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. काही साधी औषधं अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींवरच झाकण घालतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन, खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन, पोटातल्या कळेसाठी डायसायक्लोमिन, पायांच्या मुंग्यांसाठी अॅमिट्रिप्टिलिन, लघवी थांबत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. एकीकडं आच्छादन घालायचं, दुसरीकडं उपसून टाकायचं. त्यातही एक साखळी वारंवार दिसते. डोनेपेझिलमुळं लघवीची घाई वाढते, दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन देतात, पंधरा दिवसांत विसरणं वाढतं, आणि घरातले समजतात आजार वाढला. प्रत्येक दवाखान्यात आणि मेडिकलमध्ये डोनेपेझिल चालू असल्याचं सांगा. वरच्यांपैकी काही चालू असेल तर स्वतः थांबवू नका, पर्याय विचारा. बहुतेकांना आहे.

नव्या इंजेक्शनांबद्दलही वाचलं असेल. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब अमायलॉइड साफ करतात. लेकानेमॅबच्या 18 महिन्यांच्या चाचणीत घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. मंदावली, थांबली नाही, आणि गेलेली स्मृती परत आली नाही. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, अमायलॉइड असल्याचं सिद्ध झाल्यावर देतात. मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय लागतात. त्यासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी दोन डॉक्टरांचं मत घ्या आणि एवढ्या खर्चानं नेमकं किती महिने मिळतील हे स्पष्ट विचारा.

हळदीचंही कुणीतरी सांगितलंच असेल, सांगलीत राहून ते चुकणार नाही. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन साधारण 3 टक्के, आणि पोटातून ते रक्तात फार थोडं शिरतं. अल्झायमरच्या रुग्णांना कुर्क्युमिन देऊन 24 आठवडे पाहिलेल्या 2012 च्या चाचणीत फायदा दिसला नाही. भाजीत, दुधात हळद जरूर असू द्या, महागड्या कॅप्सूल नकोत. अक्रोडाचंही तसंच, खायला चांगले, औषध नव्हे.

उरलेल्या जोडांसाठी घरात करण्यासारखं बरंच आहे. झोप पहिली. प्रयोगांत दिसतं की पेशी जागेपणी जितकं काम करतात तितकं अमायलॉइड सोडतात आणि झोपेत त्याचा निचरा वाढतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात अर्धा तास चालवा, चार वाजल्यानंतर चहा नको. मग कान. मळ साचलाय का ते आधी बघा, गरज असेल तर यंत्र घ्या. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य पुरं करण्यातच उरलेले जोड खर्ची पडतात आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट. ‘चहा घेऊन औषध घे आणि मग अण्णांना फोन लाव’ यात तीन कामं आहेत, तिन्ही सुटतील. तोच प्रश्न परत आला तर उत्तर त्याच शब्दांत, त्याच सुरात द्या. बीपी आणि साखर आटोक्यात ठेवा. पण मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी आईंच्या हातात देऊ नका. घेतलेली विसरून दुसऱ्यांदा घेतली किंवा जेवायचं राहिलं तर साखर एकदम उतरते, आणि त्यात जोड नव्हे, थेट पेशी मरतात.

बागाईतदारांच्या घरात आणखी दोन धोके असतात, ते शहरातल्या माहितीपत्रकांत नसतात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरला की तरुण माणसालाही वर येता येत नाही. चारी बाजूंनी जाळी, दाराला कुलूप आणि आत सोडलेला गाठींचा दोर, हे या आठवड्यात करून घ्या. फवारणीची औषधं, विशेषतः पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेली, कुलपात गेली पाहिजेत. बाटलीवरचं लेबल वाचूनही लक्षात ठेवायला तोच जोड लागतो. आईंच्या ब्लाउजच्या आतल्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन नंबर लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना एक वही न्या. तारीख, झोप किती, शौचाला झाली का, नवीन औषध कुठलं, आणि काय जमलं, काय जमलं नाही, एवढंच रोज दोन ओळींत. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, कपाटातल्या सर्दीच्या जुन्या पट्ट्यांसकट. आणि वहिनींना बरोबर न्या, डॉक्टरांना दिवसभराचं खरं त्याच सांगू शकतील.